पंधरा मिनिटांचा पायगुण

या हिवाळ्यात मी कुणालाच घाबरेनाशी झाले होते. अख्ख्या शाळेसमोर कविता म्हटली, भौतिकशास्त्राच्या बाईंची चूक फळ्यापाशी जाऊन दाखवली. आणि त्या शनिवारी स्वतःच्याच दारातून आत जायला घाबरत होते.

सुरुवात वीस डिसेंबरला झाली. इग्नाझ्देनच्या सणाला घरात पहिलं पाऊल ज्याचं पडेल, त्याच्या पायगुणावर घराचं वर्ष जातं. मी बेकरीतून चीज भरलेली गरम बानित्सा घेऊन आले, तेव्हा बाबांनी फोनवर नुकतेच वीस युरो लावले होते: पंधरा मिनिटांनी बिटकॉइनचा भाव आत्तापेक्षा वर असेल. वर गेला. बाबांनी माझ्या खिशात अक्रोड कोंबले. "रालित्सा, तुझा पायगुण गं पोरी."

मग दर शनिवारी तेच. मी बाहेर जायचं, उजवा पाय आत टाकून नाटकी आवाजात "या घराला आरोग्य, या घराला भरभराट" म्हणायचं, की बाबा "वर" दाबणार. मला भारी मजा यायची. पण हरले की ते माझ्या बुटांकडे बघायचे. "डावा टाकलास का?" आधी हसत विचारायचे. मग हसणं थांबलं.

त्या शनिवारी दुपारी त्यांनी मला फोन दाखवला. पडद्यावरचा आकडा मी दोनदा वाचला. ते आईचे पैसे होते. आई चार वर्षं परदेशात, बोलोन्याला एका म्हातारीची सेवा करते. बसस्टँडजवळ केस कापायचं दुकान घ्यायचं आणि ईस्टरला कायमचं घरी यायचं, त्यासाठी साठवलेले. सगळेच्या सगळे.

"एकदाच," बाबा म्हणाले. "चार वाजता. दुप्पट झाले की आई उद्यासुद्धा येईल."

"आणि भाव खाली गेला तर?"

"तू नीट आत आलीस तर कसा जाईल?"

ते चेष्टेत बोलत नव्हते.

मी बाहेर आले. शेजारच्या पेंका काकू गालिचा झटकत होत्या. "काय गं, परत हाकललं? तुझ्या बापानं फिरतं दारच बसवून घ्यावं." मला हसू आलं नाही.

चार वाजले. दार अर्धं उघडं होतं.

"ये," बाबा आतून म्हणाले.

"नाही."

"रालित्सा."

"ओढून न्या मग."

ते दाराशी आले. अंगठा पडद्याच्या वर. ओढणार नव्हते. ओढून आणलेल्याचा पायगुण लागत नाही, हे त्यांनीच मला शिकवलेलं. ते पडद्यावरचा भाव बघत राहिले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

सव्वाचार.

"वर गेला," ते अगदी हळू म्हणाले. "दुप्पट झाले असते." आणि लगेच, "आता दुसरा डाव सुरू झाला. ये."

तेव्हा मला खरी भीती वाटली. साडेचारलाही एक होता, पावणेपाचलाही. मी कितीदा बाहेर उभी राहणार? सोमवारी तर मला शाळेत जायचं होतं.

खिशातून माझा फोन काढला. आईला सांगायचं नाही असं बाबांना वचन दिलं होतं. कळलं तर ती कधीच परतणार नाही, असं ते म्हणायचे, आणि मला ते खरं वाटायचं. तरी व्हिडिओ कॉल लावला. आवाज मोठा केला.

"काय गं? एवढ्या थंडीत बाहेर का उभी आहेस?"

मी सगळं सांगितलं. पलीकडे म्हातारीचा टीव्ही ऐकू येत होता.

"स्तामेन," आई बाबांना म्हणाली, "तुझा फोन पोरीच्या हातात दे."

बाबा खाली बसले, चपलांच्या फळीवर. मग त्यांनी फोन जमिनीवरून सरकवला. तो उंबऱ्याशी येऊन थांबला. मी उचलला. पैसे होते. सगळे.

मी आत आले. कुठला पाय आधी पडला, मी बघितलं नाही. बाबांनी बघितलं.