डावीकडची जागा

"हल्ली या घरात अर्धंच वाढतात," हे ताटाकडे बघत पुटपुटले.

लेकीनं ताट अर्धं फिरवलं. डावीकडे हातही न लागलेला भात होता, तो उजवीकडे आला. "घ्या बाबा, वाढलं."

"मागितल्याशिवाय मिळतच नाही," म्हणत हे पुन्हा जेवू लागले.

माझा नवरा पाट्या रंगवतो. आठ महिन्यांपूर्वी ह्यांच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. हातपाय सावरले, बोलणं तर जरा जास्तच सावरलं. डोळेही ठणठणीत. पण जगाला डावी बाजू असते, हेच मेंदू विसरला. दाढी होते ती उजव्या गालाची. चौकटीला डावा खांदा आपटला की "ही कुणी सरकवली?" म्हणून आमच्यावरच डाफरतात. डॉक्टरांनी मला आणि लेकीला बाहेर बोलावून सांगितलं, "सहा महिन्यांत जे परत येईल ते येईल. नंतर आशा ठेवू नका." ह्यांना सांगायचं काम त्यांनी आमच्यावर टाकलं आणि आम्ही उद्यावर.

रंगकाम मला ह्यांनी शिकवलं असं नाही. डबे धुता धुता, ओरडा खाता खाता कळत गेलं. रेघ मनगटानं नाही, खांद्यानं ओढायची. शेजारशेजारचे दोन रंग एकमेकांशी भांडले पाहिजेत, नाहीतर लांबून वाचता येत नाही. मोकळी जागा म्हणजे उरलेली जागा नव्हे, तीही रंगवल्यासारखीच मोजायची. आणि तोल. पाटी मनातल्या मनात मधोमध टांगायची आणि बघायचं, कुठे कलते.

आजारानंतरची पहिली पाटी कलली नाही, कोसळलीच. लाँड्रीवाल्याचं नाव, पत्ता, वेळ, सगळं उजव्या अर्ध्यात चेंगरून उभं. डावा अर्धा कोरा. हे दहा पावलं मागे गेले, डोळे किलकिले केले आणि म्हणाले, "जमलीय."

लेक माझ्याकडे बघेना, मी लेकीकडे.

"छान झालीय," मी म्हटलं.

दुपारी हे झोपल्यावर मी डावीकडे गडद निळी इस्त्री काढली. उजवीकडे अक्षरांचा एवढा भार होता की तिला चांगली जाडजूड करावी लागली. वाफेची एक रेघ अक्षरांकडे वळवली, म्हणजे बघणाऱ्याची नजर आपसूक तिकडे जाईल. पाटी तोलात आली. मग आधी ब्रश धुतला आणि नंतर रडले. रंग वाळला की ब्रश कामातून जातो.

लाँड्रीवाला खूश. मग बेकरी, चपलांचं दुकान, चष्मेवाला. दर वेळी हे अर्धी रंगवायचे, उरलेली मी. ह्यांच्या डोळ्यांसमोरून ती पाटी दुकानात जायची, पण माझा अर्धा ह्यांना कधी दिसला नाही. लोक म्हणायला लागले, "आजारानंतर हात भलताच सुधारला!" इतकी वर्षं ओरडा खाल्ला आणि कौतुक वाट्याला आलं ते हे असं.

ह्यांनी मात्र ते खरं मानलं. आम्हाला न विचारता पिठाच्या गिरणीची दुमजली भिंत घेऊन आले. "पाट्या म्हणजे पोरखेळ. आता भिंतच करतो."

"बाबा, ऊन फार आहे," लेक म्हणाली.

"शिडी जुनी झालीय," मी म्हटलं. "आणि तुमचा गुडघा?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय?"

एक गोष्ट सोडून आम्ही सगळं बोललो.

आज सकाळी गिरणीपाशी शिडी लागली. लेकीनं ती दोन्ही हातांनी धरली. मी रंगाचा डबा घेऊन उभी. ह्यांनी रेघ आखायची खडूची दोरी कमरेला खोचली आणि निघाले. उजवा हात, उजवा पाय. डावा पाय पायरीच्या बाहेर हवेत टेकायला गेला, चाचपडला, कसाबसा सापडला. तिसऱ्या पायरीवर डावा हात नुसताच लोंबत होता. शिडी धरायची असते, हे त्याला सुचतच नव्हतं.

"आई," लेक दबक्या आवाजात म्हणाली.

मी डबा खाली ठेवला आणि ह्यांच्या पायांना मिठी मारली.

"अगं सोड! पाडतेस का काय?"

"उतरा."

"लोक बघतायत. वेडबिड लागलंय का तुला?"

"आधी उतरा."

गिरणीवाला पीठ भरल्या हातांनी दारात येऊन उभा राहिला. त्याला बघून हे आणखीच चिडले. "एवढ्या पाट्या केल्या या आठ महिन्यांत. एकीत तरी खोट निघाली? सांग ना!"

लेकीला हुंदका आवरेना. तिच्या हातातली शिडी हलत होती.

"प्रत्येकीत होती," मी म्हटलं. "तुम्ही अर्धीच रंगवता. डावी बाजू तुम्हाला दिसतच नाही. ती मी रंगवते. आणि ती आता परत येणार नाही."