सतरंजीखालची फळी

मी एक जुनी लाकडी जमीन आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयामागे एक लांबट इमारत आहे, तिच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये मी पसरलेली आहे. मित्रांनो, तुम्ही पायाखाली फारसं पाहत नाही, याचा मला राग नाही. सारखं खाली पाहत चाललं तर माणूस खांबावर आदळेल.

सुतारांनी मला सागाच्या फळ्या जोडून केलं. फळ्यांखाली आडव्या तुळया घातल्या आणि तुळयांखाली वीतभर पोकळी ठेवली. त्यामुळे उडी मारणाऱ्याचा पाय मी किंचित झेलते. मी व्यायामशाळेची जमीन होते. पुढे व्यायामशाळा नव्या इमारतीत गेली आणि माझ्या अंगावर मोडकी बाकं येऊन पडली. आठ वर्षं तशीच गेली.

एका दुपारी रसायनशास्त्राची एक विद्यार्थिनी दार ढकलून आत आली. तिला सगळे भिंगरी म्हणत. ती मावशीकडून स्विंग शिकली होती. स्विंग म्हणजे जॅझच्या ठेक्यावर जोडीने करायचा नाच. एकाने हाताने खुणावायचं, दुसऱ्याने त्या खुणेवर गिरकी घ्यायची. तिने इमारतीची देखरेख करणाऱ्या मामांकडे जागा मागितली. मामा म्हणाले, बाकं तूच हलव. पोरगी पुन्हा फिरकणार नाही, अशी त्यांची खात्री होती. चार दिवसांत सगळी बाकं भिंतीला लागली होती.

पहिल्या बुधवारी तिला धरून पाच जण जमले. जोडी पुरी होईना, म्हणून भिंगरीने मामांनाच ओढलं. मामांनी पुष्कळ आढेवेढे घेतले. बायकोने पाहिलं तर हसेल, म्हणाले. पुढच्या बुधवारी ते बायकोलाच घेऊन आले.

पाचाचे बारा झाले, बाराचे चाळीस. त्यांचं स्विंग मंडळ झालं आणि त्याचं नाव सूचनाफलकावर लागलं. दुसऱ्या विद्यापीठांतूनही जोड्या येऊ लागल्या. येणारा प्रत्येक जण टाच आपटून बघायचा आणि म्हणायचा, जमीन छान आहे. मला ते आवडायचं, हे कबूल करते. मग भिंगरी शिकून बाहेर पडली, मामा निवृत्त झाले, आणि झाडलोट कोणी करायची हे ठरायचं राहूनच गेलं.

कोपऱ्यात पाण्याचं पिंप आलं होतं. त्याची तोटी गळायची. फटीतून पाणी आत मुरत राहिलं. दोन वर्षांत माझी एक तुळई कुजली आणि वरची फळी दबू लागली.

तेव्हा मंडळाचा सचिव भूगोलाचा एक उंच विद्यार्थी होता. त्याला शिडी म्हणत. त्याने फळीवर पाय देऊन पाहिला, वाकून बोट लावलं. बोट ओलं झालं. पण वार्षिक कार्यक्रम दहा दिवसांवर आला होता आणि कळवलं असतं तर हॉलला कुलूप लागलं असतं. त्याने पिंप हलवलं, फळीवर सतरंजी टाकली आणि त्या कोपऱ्यात नाचू नका, एवढंच सगळ्यांना सांगितलं.

नवव्या दिवशी सराव करताना त्याचीच जोडीदार गिरकी घेत घेत त्या कोपऱ्यात गेली. फळी मोडली. तिचा पाय आत गेला आणि घोट्याचं हाड मोडलं. मला तिला झेलता आलं नाही.

कार्यक्रम रद्द झाला. विद्यापीठाच्या इंजिनियर बाई पाहणीला आल्या. लाकूड जुनं झालंय, सगळं काढून फरशी घालावी, असं त्या लिहू लागल्या. दगडी फरशीवर हा नाच गुडघ्यांना सोसत नाही. म्हणजे मंडळही संपल्यात जमा होतं. शिडी दारात उभा होता. तो गप्प राहिला असता तर दोष माझ्या वयावर गेला असता.

"बाई, लाकूड जुनं म्हणून मोडलं नाही," तो म्हणाला. "पिंप गळत होतं. फळी कुजल्याचं मला माहीत होतं. मीच वर सतरंजी टाकली."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "किती दिवस माहीत होतं?"

"नऊ."

बाईंनी फक्त तेवढा कोपरा उघडायला लावला. बाकीच्या तुळया कोरड्या आणि ठणठणीत निघाल्या. एक तुळई आणि अकरा फळ्या बदलायचं ठरलं. शिडीचं सचिवपद गेलं. सुट्टीत सुतार आले तेव्हा तो रोज येऊन खिळे उपटत बसायचा. हॉल उघडल्यावर तो दर बुधवारी झाडायला यायचा, पण नाचायचा नाही.

त्याची जोडीदार चार महिन्यांनी काठी टेकत आली आणि बाकावर बसून नुसती बघत राहिली. पुढे काठी सुटली. एका बुधवारी ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"थंडीत अजून ठणकतो घोटा," ती म्हणाली. "ते काही मी विसरणार नाही." मग म्हणाली, "झाडू ठेव. एक जण कमी पडतोय."

माझ्या अकरा फळ्या बाकीच्यांहून फिकट आहेत. नवीन मुलं कारण विचारतात. शिडी आता इथेच शिकवतो. तो काहीही न गाळता सगळं सांगतो.

मित्रांनो, लाकूड करकरतं, दबतं, ओलं होतं. त्याला याहून जास्त बोलता येत नाही. पुढचं तुम्हाला बोलायचं असतं, आणि ते कळेल त्याच दिवशी बोला.