दांडा न जोडलेलं इंजिन

"उतरव ते धूड स्टँडवरून! चाचण्या पुरे झाल्या," मामा कडाडले.

"एक राहिलीय," भाची म्हणाली. "ती करते, मग काय ते बोला."

हेलिकॉप्टरच्या इंजिनांचा अख्खा विभाग मामांच्या हाताखाली होता. भाचीला पाना धरायला त्यांनीच शिकवलं होतं, पण तिनं बनवलेलं इंजिन काही केल्या त्यांच्या गळी उतरत नव्हतं. त्यात दोन चक्रं होती. पहिलं चक्र इंधन जाळून तापलेल्या वायूचा झोत सोडायचं. त्या झोतानं दुसरं फिरायचं आणि हेलिकॉप्टरचं पातं फिरवायचं. दोन्ही चक्रांना जोडणारा दांडाच नव्हता.

"म्हणजे बैल इकडे, गाडी तिकडे!"

"चालू पंख्यासमोर बंद पंखा ठेवला तर तो वाऱ्यानं फिरतोच ना, मामा? आणि तो हातानं अडवला, म्हणून पहिला थांबतो का?"

"मग पंख्यावर बसूनच उड की!"

कारागीर खो खो हसले. तिनं ओठ आवळून कळ दाबली. इंजिन शीळ घालत वेगात आलं, तोच फिटर ओरडला, "ताई, ब्रेक! पात्याचा ब्रेक सोडायचा राहिला!"

मामांच्या इंजिनात दांडा एकच. ब्रेक लागलेला असेल तर ते हलायचंच नाही, म्हणून ब्रेक बघून घ्यायची तिथं कुणाला सवयच नव्हती. काचेपलीकडे पातं ठप्प उभं होतं.

"बंद कर! जळेल सगळं!"

तिचा हात बटणाकडे गेला. आता बंद केलं, तर हे इंजिन पुन्हा कधी या स्टँडवर चढणार नव्हतं. जळालं, तरी तेच. तिनं हात मागे घेतला.

"नाही करत."

"प्रमुख म्हणून सांगतोय मी!"

"मग प्रमुख म्हणून तापमानाचा काटा बघा. चढतोय का?"

मामा तणतणत पुढे आले. काटा जागचा हलला नव्हता. पातं अडवलेलं होतं आणि इंजिन आपलं खुशाल गुणगुणत होतं.

"आता सोडा ब्रेक, हळूहळू," तिनं फिटरला सांगितलं. पातं आळोखेपिळोखे दिल्यासारखं हललं आणि गरगरू लागलं.

"एवढ्यानं काही सिद्ध होत नाही," मामा पुटपुटले.

"नसेल होत. उद्या आणखी करू. पण इंजिन उतरणार नाही."

इंजिन उतरवायला बोलावलेला क्रेनवाला दारात ताटकळत होता. मामा त्याच्याकडे वळले.

"कार्टी ऐकायची नाही. ने ती क्रेन परत."