बंद गोळ्याची नक्षी

जपानमधल्या ताजिमी गावच्या मातीकामाच्या स्पर्धेत अंतिम फेरीला हातोरी चिझुरूबाईंचं शिल्प होतं. भाजलेल्या मातीचा कलिंगडाएवढा बंद गोळा, अंगभर निळ्या-पांढऱ्या रेघा. मी रसायनशास्त्र शिकलेली, परीक्षकांची तांत्रिक मदतनीस.

परीक्षक कुझे सरांनी सकाळीच अर्थ लावला होता: "रेघा जवळ येतात, पण भेटत नाहीत. एकटेपण." मग त्यांनी भिंग घेतलं आणि आवाज बदलला. "इतकी सारखी रेघ हाताने येत नाही. छापील नक्षी चिकटवून भाजलीय."

छापील काम नियमाने बाद. आणि या गावात असं बाद झालेल्या माणसाला पुढे कोणी दारात उभं करत नाही.

"रंगीत मातीचे थर रचून कापलेत," हातोरीबाई म्हणाल्या. "नक्षी आरपार आहे. सर, भिंगाला डोळा लावला होतात की नुसता चष्मा?"

"सिद्ध करा."

"फोडते." पेट्या उघडायचा हातोडा त्यांनी उचललाच.

"बाई, थांबा," मी म्हणाले. "तळाला हवा जायचं भोक आहे ना? त्यातून बारीक कॅमेरा घालते."

"आत बघायचं नाही."

"फोडलं तरी दिसेलच की."

"तुकडे दिसतील."

"बघा," सर म्हणाले, "लपवण्यासारखं असणारच काहीतरी."

मलाही तसंच वाटू लागलं. पण छापाचा थर अगदी पातळ असतो. म्हणजे आत बघायची गरज नव्हती, जाडी तपासली तरी पुरे होतं.

"भोकाच्या काठावर कानस चालेल? तांदळाच्या दाण्याएवढी जागा."

हातोडा तसाच हातात ठेवून बाई म्हणाल्या, "तेवढीच."

मी हिऱ्याची कानस फिरवली, ओल्या फडक्याने पुसलं. निळी रेघ होती. आणखी घासलं, तरी निळीच. ती तिरकी आत गेली होती आणि शेजारची तिच्याकडे झुकली होती.

सरांनी वाकून पाहिलं. "आत भेटतात की काय या?" त्यांनी टॉर्च भोकाजवळ नेला.

बाईंनी भोकावर अंगठा ठेवला. "छापील आहे का, सर?"

"नाही."

"मग झालं."

सरांनी टॉर्च विझवला. पत्रकावरचं 'एकटेपण' खोडलं आणि 'हस्तकाम, पात्र' लिहिलं. अर्थाची जागा कोरी राहिली.

गोळा पेटीत जाईपर्यंत बाईंनी अंगठा काढला नाही.