फेकलेल्या फुलांचं बी

सिंधूताई रंगारींनी बादलीतून डेलियाचं फूल वर काढलं, देठाचं टोक ब्लेडनं तिरपं कापलं आणि टेबलावरच्या हिरव्या बाटलीत खोचलं. सक्करदऱ्याच्या घरून धरमपेठेतल्या प्रदर्शनाच्या हॉलपर्यंत ती बादली त्यांनी स्कूटरवर मागे बसून मांडीवर धरली होती, आणि प्रत्येक गतिरोधकाला नवऱ्याच्या, म्हणजे धोंडबांच्या, पाठीत एक बुक्की घातली होती. तरी एक पाकळी दुमडलीच. ती त्यांनी करंगळीनं सरळ केली.

"झालं ना? चाल वं आता बाहेर, चहा पिऊ," धोंडबा म्हणाले. असल्या हॉलमध्ये उभं राहायचं म्हटलं की त्यांचं लक्ष दाराकडेच असायचं.

"कार्ड लागल्याबिगर मी इथून हलत नाही."

कार्ड म्हणजे फुलासमोर उभा करायचा जाड कागदाचा तुकडा. त्यावर फुलाचा वर्ग आणि वाढवणाऱ्याचं नाव. प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाचा सचिव गौरांग, तिशीतला गडी, कोपऱ्यात बसून स्केचपेननं ती कार्डं लिहीत होता. दहाला नोंदणी बंद होणार होती आणि मग परीक्षक येणार होते.

या हॉलमधली कार्डं सिंधूताईंना नवी नव्हती. इथल्याच प्रेमलताबाईंच्या बंगल्यात त्यांनी सव्वीस वर्षं बाग सांभाळली. डेलियाच्या कुंड्या त्या भरायच्या, काठ्या त्या बांधायच्या, मधलं एकच फूल मोठं व्हावं म्हणून बाजूच्या कळ्या त्या खुडायच्या, आणि प्रदर्शनाच्या सकाळी कुंडी कंबरेवर घेऊन इथे त्याच यायच्या. कार्डावर नाव बाईंचं. कपही बाईंचे, चांगले अकरा. बाग त्यांची, खत त्यांचं, तर नाव त्यांचं, यात सिंधूताईंचं काही म्हणणं नव्हतं. पण हे फूल सक्करदऱ्याच्या अंगणातलं होतं. याच्या कार्डावर त्यांना स्वतःचं नाव पाहिजे होतं. त्यापायी दोन दिवस घास धड गिळला नव्हता.

गौरांगनं फॉर्म पुढे ओढला.

"वर्ग सात. बियांपासून घरी वाढवलेला डेलिया. काकू, या वर्गात तुमची एकच एन्ट्री आहे. बाकी सगळे कोलकात्याची रोपं आणतात. बियांच्या भानगडीत कोणी पडत नाही."

"काहून पडतील? बी पेरलं का हरेक रोप आपल्या मनाचं. आईसारखं एकबी निघत नाही. अर्धी तं एकेरी पाकळीची, मधात पिवळा डोळा."

"बरं, इथे एक रकाना आहे. बी कुठून घेतलं?"

"आमच्याकडून घेतलं," मागून आवाज आला.

मुकुंदराव होते, प्रेमलताबाईंचा मुलगा. हात मोकळे, ना कुंडी ना फूल. दोन वर्षांपूर्वी गुडघे गेले म्हणून सिंधूताईंनी बंगल्याचं काम सोडलं, तेव्हापासून तिथे तीन माळी झाले आणि डेलिया काही कोणाच्या हाताला धड आला नाही; गेल्या वर्षी प्रदर्शनापुरतं एकच फूल लागलं. पलीकडे गुलाबांच्या टेबलाशी चाकाच्या खुर्चीत बाई बसल्या होत्या, मांडीवर शाल घेऊन.

"सिंधू, खरं सांग. हे आमच्या बागेतल्या बियांचं आहे की नाही?"

"आहे ना."

गौरांगचा पेन थांबला. धोंडबांनी डोळेच मिटून घेतले.

मुकुंदराव जवळ आले आणि आवाज खाली आणून बोलायला लागले. "मग आईच्या नावानं लाव. तिचं नाव नाही असं प्रदर्शन मी तरी पाहिलेलं नाही. यंदा कुंड्यांत नुसती पानं आली गं. त्र्याऐंशी वर्षांची आहे ती, पुढच्या वर्षी इथे येईल की नाही कोण जाणे. तू पुढच्या वर्षी लाव ना तुझं नाव. तुला काय घाई आहे?"

माणूस वाईट नव्हता. आईसाठीच बोलत होता, आणि तीच तर पंचाईत होती. सिंधूताईंना बाईंचं वाईट वाटलं. कात्री कशी धरायची ते बाईंनीच शिकवलं होतं. आणि वाईट वाटलं याचाच त्यांना असा संताप आला की त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

"देऊन टाक ना वं," धोंडबा कानाशी कुजबुजले. "म्हातारं माणूस आहे. आपल्याले का फरक पडते?"

"मले पडते."

"हे बघ," मुकुंदराव म्हणाले, "मग मला मंडळाला सांगावं लागेल, बी न विचारता नेलेलं आहे म्हणून."

झालं. आतापर्यंत दबकं चाललेलं बोलणं तिथे संपलं.

"न विचारता?" सिंधूताईंचा आवाज गुलाबांच्या टेबलापर्यंत गेला. "मले चोर म्हणता का? सुकलं फूल सकाळी झाडावर दिसलं नाही पाहिजे, हा कायदा कोणाचा होता? मी कापत होती आन् कचऱ्याच्या टोपलीत टाकत होती. त्यातलेच लांब देठाचे घरी नेले. दीड महिना पाण्याच्या बाटलीत उभे ठेवले, तवा दहा बोंडांत एकात बी भरलं. पहिल्या वर्षी सात रोपं झाली. सातही वाकड्या मानेची, फूल खाली लोंबे. लोक असे उपटून फेकतात. मी नाही फेकले. शेजारच्या भावनाच्या दारात लावले. त्यांचं बी पुन्हा पेरलं, मंग त्याचं पेरलं. सहा हिवाळे, मुकुंदभाऊ! तुमच्या बागेत असं फूल कधी होतं का? सांगा ना, होतं का?"

मुकुंदराव फुलाकडे बघत राहिले. बंगल्यातले डेलिया लालभडक नाहीतर जांभळे. हे विटकरी होतं आणि प्रत्येक पाकळीचं टोक चुन्यात बुडवल्यासारखं पांढरं. असं त्यांच्याकडे कधीच नव्हतं, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. आजूबाजूचे चार लोक कुंड्या सोडून ऐकायला आले होते.

"लिही गा," सिंधूताईंनी गौरांगला सांगितलं. "बी कुठून घेतलं? प्रेमलताबाईंच्या बागेतली फेकलेली फुलं. असंच लिही. आन् कार्डावरबी टाक."

"काकू, 'फेकलेली' कशाला? 'जमा केलेली' लिहू का?"

"फेकलेली."

गौरांगनं एकदा मुकुंदरावांकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे, आणि लिहिलं. खाली नाव लिहिलं, सिंधू धोंडबा रंगारी. कार्ड बाटलीसमोर उभं केलं. धोंडबांनी ते जवळ जाऊन वाचलं. आपलंही नाव त्यात मध्ये आहे हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं, आणि चहाचं ते विसरून गेले.

"आईनं हे वाचलं तर काय वाटेल तिला?" मुकुंदराव पुटपुटले.

"वाचू द्या."

बाई तोवर येतच होत्या. कोणीतरी खुर्ची ढकलत आणली. त्यांनी चष्मा लावला आणि कार्ड वरपासून खालपर्यंत वाचलं, 'फेकलेली फुलं'पाशी थोडं थांबून. मग हात लांबवून, लेकराची हनुवटी धरावी तसं, दोन बोटांनी फूल वर केलं.

"मान ताठ आहे," त्या म्हणाल्या. "पण लहान आहे. बाजूच्या कळ्या नाही खुडल्यास?"

"एकबी नाही."

"का?"

"खुडा लागे म्हणून सव्वीस वर्षं खुडल्या बाई. माह्या अंगणात नाही खुडत."

ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी खोकलं. बाईंनी फूल सोडलं. त्यांचा चेहरा बघून काही कळत नव्हतं, पण कप घेतानाही तो तसाच असायचा.

"मुकुंद, कार्ड बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मीच फेकायला लावायची. राहू दे ते."

मुकुंदराव खुर्चीच्या मागे सरकले. बाई पुन्हा फुलाकडे वळल्या, आणि आवाज आपोआप जुना झाला, सकाळी आठला व्हरांड्यातून यायचा तो.

"सिंधू, उन्हाळ्यात याचे कंद काढशील ना, तेव्हा एक बंगल्यावर आणून दे."

सिंधूताईंच्या तोंडात 'हो बाई' तयार होतं. सव्वीस वर्षांची सवय, ती कुठे जाणार! त्यांनी ते गिळलं.

"आणून देत नाही बाई. घरी या. माह्या हातानं काढून देईन."

"अगं, आई तिकडे कशी येणार?" मुकुंदराव म्हणाले. "ही खुर्ची, रस्ते..."

"रस्ता सिमेंटचा आहे. खुर्ची बराबर अंगणात येते. या आन् चांगलं बसून चहा घ्या."

धोंडबा बायकोकडे बघतच राहिले. बाईही बघत होत्या, चष्म्याच्या वरून, एखादं रोप ओळखीचं आहे की नाही ते पाहावं तशा.

"तू राहतेस कुठे?" त्यांनी विचारलं.

हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं. सिंधूताई मोजून मापून बोलल्या. आता घाई नव्हती.

"सक्करदऱ्याच्या तलावामागं. बुद्धविहारापाशी या आन् कोणालेबी विचारा. पण नुसतं सिंधू म्हणून विचारसान तं कोणी नाही सांगणार. तिथं मले त्या नावानं कोणी ओळखत नाही."

दारात परीक्षकांची मोटार लागल्याचा आवाज आला. गौरांग उठून तिकडे धावला. बाई मांडीवरची शाल सारखी करत बसल्या, एकदा, मग परत एकदा.

"लिहून घे, मुकुंद," त्या म्हणाल्या.

मुकुंदरावांनी मोबाइल काढला. 'सिंधू' एवढं टाकून अंगठा थांबला. त्यांनी वर पाहिलं.

"ताई," सिंधूताई म्हणाल्या. "पूर्ण लिहा जी. सिंधूताई."