वर्षाचं पहिलं पाऊल

माझं लग्न झालं त्याच वर्षी धानावर तुडतुड्याची कीड पडली आणि सासूबाईंनी निकाल देऊन टाकला: थोरलीचा पायगुण बरा नाही. तुडतुडा काय मी माहेराहून पिशवीत घालून आणला होता? पण इतकी वर्षं झाली, तो शिक्का काही पुसला नाही.

माझा दीर धनंजय व्हिएतनाममधल्या कारखान्यात नोकरीला होता. दोनेक वर्षांपूर्वी तिथलीच बायको करून तो लाखनीला परत आला. लिन्ह तिचं नाव. ती उंबरठा ओलांडून आत आली आणि त्याच हंगामात धान भरभरून पिकलं. झालं. सासूबाईंच्या तोंडी दिवसभर लिन्ह. तिनं भाजी करपवली तरी "शिकून राहिली बिचारी". मी जळायचे. खोटं कशाला सांगू, चांगली जळायचे.

थंडी सरताना तिच्या माणसांचं नवं वर्ष येतं, तेत म्हणतात. आदल्या दिवशी तिनं चिकट तांदूळ आणि मुगाची डाळ केळीच्या पानांत बांधून चौकोनी पुडे केले, दिवसभर उकडले. सासूबाई दोरा धरून तिच्याजवळ बसल्या. माझ्या पुरणाजवळ त्या कधी अशा बसल्या नाहीत.

मग लिन्हनं रीत सांगितली. नव्या वर्षाच्या सकाळी बाहेरून जो पहिला घरात येतो, त्याच्या पायानं घराचं वर्ष जातं. म्हणून तो माणूस आधीच ठरवतात.

"दीदी?" तिनं माझ्याकडे पाहिलं.

"नाही वो," सासूबाई म्हणाल्या, "हिचा पाय मले मालूम आहे. गुंजनले बलावतो भंडाऱ्यावरून."

गुंजन माझी नणंद. सकाळी सगळे दार लावून तिची वाट बघत बसले. पण म्हशीला कुठलं नवं वर्ष? ती हंबरायला लागली, तशी मी मागच्या दारानं गोठ्यात गेले आणि दूध काढलं.

परत निघाले तर सासूबाई खिडकीत. "तिथंच थांब, खुशबू. गुंजन आल्याबिगर आत येऊ नको."

"काहून?"

"सांगतलं ना, बाहेरून पयला पाय तिचा."

म्हणजे मी माझ्याच घराची बाहेरची. इतक्यात गुंजन ऑटोतून उतरली आणि तिच्यासाठी पुढचं दार उघडलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. दुधाची भरली चरवी घेऊन मी घराला वळसा घातला आणि पुढच्या दारानं तिच्या आधी सरळ आत शिरले.

सासूबाईंचं तोंड उतरलं. लिन्हनं मात्र हसून, दोन्ही हातांनी लाल पाकीट माझ्यापुढे धरलं. तिच्याकडची ही शुभेच्छा असते म्हणे.

"आता जे होईल ते तुह्या माथ्यावर," सासूबाई म्हणाल्या.

त्या वर्षी मी बांधावर जाऊन धानाची पानं उलटून बघायचे. तुडतुडा आला नाही. पोळ्याच्या सुमारास लिन्हला दिवस गेल्याचं कळलं. सासूबाईंनी पहिला पेढा माझ्या तोंडात घातला आणि शेजारणींसमोर म्हणाल्या, "पायगुण तर आमच्या खुशबूचा आहे."

हेच ऐकायला माझे कान आसुसले होते. पण बोलताना त्यांचा दुसरा हात लिन्हच्या पाठीवरून फिरत होता, आणि मी तो हातच बघत राहिले.