गोंगाचा ठोका आणि हिरव्या झेंड्याचं मत

मी गोंग बोलतोय. मध्य जावात, मेरापी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथं राहत होते म्हातारे कार्सोदी, ज्यांना अख्खं गाव म्बाह, म्हणजे आजोबा म्हणे, त्यांची नात रुमियाती, आणि त्यांच्या पडवीत टांगलेला मी. काशाचा, बैलगाडीच्या चाकाएवढा, मोगरीनं वाजवायचा.

दर गुरुवारी संध्याकाळी म्बाह माझ्यापुढं फुलं ठेवायचे नि तिथूनच नमाजाला जायचे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. काय दिवस होते ते! लग्नात चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ रंगायचा, रुमियाती गायची, सगळी वाद्यं धावायची, आणि शेवटचा ठोका माझा, म्बाहंच्या हातचा. तो पडला की माणसं श्वास सोडायची.

मग हिरव्या झेंड्याचा पक्ष आला. त्यांचे हाजी झुहदी मंचावरून गरजले, "बाहुल्या धर्मात बसत नाहीत. बाईचं गाणं तर नाहीच!" लोक बिचकले. आमंत्रणं आटली. रुमियाती बाजारात तेम्पे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, विकायला बसली. माझ्या आडोशाला कोंबडीनं अंडी घातली.

पण गावानं त्यांना पुरेशी मतंही दिली नाहीत. पुढच्या निवडणुकीला झुहदी पडवीत हजर! पत्रकात आता धर्म खालच्या ओळीत, वर खत, दवाखाना, पाटाचं पाणी.

"म्बाह, सभेला गोंग हवा. गाणं मात्र नको."

"म्हणजे भात चालेल, मीठ नको?"

"बरं, गाऊ दे. डोकं झाकून."

रुमियाती म्हणाली, "मशिदीत झाकतेच की. पण तुमच्या तोंडून मागं जे निघालं, ते कशानं झाकू?"

झुहदी चिडून उठले. पुसायला म्हणून मला जमिनीवर उतरवलं होतं. रागाच्या भरात त्यांनी मला चक्क ओलांडलं! आमच्याकडं वाद्य कुणी ओलांडत नाही, पोरंसुद्धा.

हाजींचा चेहरा उतरला. ते वाकले, माझ्या कडेला हात लावून पुटपुटले, "चुकलं रे बाबा." मग म्बाहंना म्हणाले, "माझ्या आजोबांनी काठीनं बडवलं असतं."

"हाच माणूस मंचावर उभा करा," रुमियाती म्हणाली. "त्याच जागेवरून सांगा, मागं चुकलो. मग मी गाईन, अंबाड्यात फुलं माळून, माझ्या रीतीनं."

"माझी जुनी मतं जातील, पोरी!"

"आणि म्बाहंचे हात थरथरायला लागलेत. त्यांच्या हातून आणखी एक खेळ व्हायचा आहे. तुम्हीच ठरवा."

सभेत झुहदी खाकरले. "मागं आम्ही... जरा घाईनं बोललो."

"अर्धीच माफी," रुमियाती कुजबुजली.

"गोड मानून घे, बाळ," म्बाह म्हणाले. तिनं सूर लावला. म्बाहंनी दोन्ही हातांनी मोगरी उचलली, आणि कितीतरी वर्षांनी मी बोललो. बायका पदरानं डोळे पुसत होत्या.

झुहदी थोडक्यात निवडून आले. आमचं मात्र नशीबच उघडलं. यंदा अकरा लग्नांत वाजलो, रुमियातीकडं तीन पोरी गाणं शिकतात, आणि म्बाह ओट्यावर बसून त्यांच्या चुका काढतात. मतांसाठी बोलावलंत, तरी मी आलो, बाबांनो. आता निवडणूक नसतानाही बोलवत जा.